मैदानाआधी वही

मराठवाड्याच्या फुटबॉलसाठी स्वतंत्र तांत्रिक संचालक असावा की नसावा, यावर गेल्या काही महिन्यांत क्रीडाशिक्षकांच्या बैठकांत, जिल्हा संघटनांच्या सभांत आणि स्पर्धेनंतरच्या चहापानात मी बरीच चर्चा ऐकली. दोन्ही बाजू हिरिरीने भांडतात. पण ज्या पदावरून भांडण चालले आहे ते पद नेमके कशासाठी असते, हे कोणी विचारत नाही. एक बाजू म्हणते की बाहेरून मोठ्या नावाचा, वरच्या दर्जाचा परवाना असलेला प्रशिक्षक आणावा, म्हणजे चार-पाच वर्षांत आपली मुले राज्याच्या संघात दिसू लागतील. दुसरी बाजू म्हणते की ज्या आठ जिल्ह्यांत बारमाही हिरवे राहणारे मैदान शोधत फिरावे लागते, तिथे खुर्चीवर बसून पगार घेणारा संचालक ही चैन आहे. त्या पैशात निदान एक मैदान करा. पहिल्या बाजूला तांत्रिक संचालक म्हणजे संघ जिंकून देणारा प्रशिक्षक वाटतो, दुसरीला तो फायली पुढे सरकवणारा अधिकारी वाटतो. खरे तर तो या दोहोंपैकी कोणीच नसतो, आणि हे लक्षात घेतले नाही तर चर्चा कितीही लांबली तरी हाती काही लागणार नाही.

माझे मत असे आहे की मराठवाड्याला तांत्रिक संचालक हवा, तो नव्या मैदानांच्या आधी हवा आणि कोणत्याही संघाच्या निवडीशी किंवा चषकाशी त्याचा संबंध नसावा. स्पर्धांचे वेळापत्रक, शिकवणाऱ्यांचे शिक्षण आणि खेळणाऱ्या प्रत्येक मुलाची वर्षानुवर्षे चालणारी नोंद, एवढ्या तीन बाबींवर त्याचा शब्द अखेरचा असावा. आज आपल्याकडे स्पर्धेची जबाबदारी घेणारे पुष्कळ आहेत. क्रीडा अधिकारी तालुक्यापासून विभागापर्यंत शालेय स्पर्धा पार पाडतात, संघटना निवड चाचण्या घेतात, शाळा संघ पाठवतात. मात्र या वर्षी चौदा वर्षांचा असलेला मुलगा चार वर्षांनी कुठे असेल, तो खेळत असेल की नसेल आणि नसेल तर का, याचे उत्तर देण्याची जबाबदारी कोणावरही नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. वीसेक वर्षे तालुक्याच्या गावी संध्याकाळी मुलांना खेळवताना एक डावखुरा मुलगा माझ्याकडे आला होता. तेरा वर्षांचा, अंगाने किरकोळ, पण चेंडू पायाला लागताच मान वर करून समोर पाहण्याची जाण त्याला कोणी न शिकवता होती. श्रावणातल्या चिखलात झालेल्या शालेय स्पर्धेत आमचा संघ पहिल्याच सामन्यात एका गोलने हरला आणि त्या मुलाचे स्पर्धात्मक वर्ष पन्नास मिनिटांत संपले. दिवाळीनंतर त्याचे आई-वडील मुकादमाची उचल घेऊन ऊस तोडायला कोयत्यावर गेले, धाकट्या भावंडांना सांभाळायला तोही गेला, आणि पुढच्या जूनमध्ये तो शाळेत परतला नाही. काही वर्षांनी दिसला तेव्हा तो उसाने भरलेल्या ट्रॅक्टरच्या शेजारी उभा होता. या मुलाचे नाव माझ्या वहीत होते. जिल्ह्याच्या, विभागाच्या किंवा राज्याच्या कोणत्याही कागदावर ते नव्हते. मैदान हिरवे असते तर तो वाचला असता का? मला तसे वाटत नाही. तो ऑक्टोबरमध्ये जाणार आणि एप्रिलमध्ये येणार हे ज्याला माहीत आहे, आणि ते माहीत असल्यामुळे ज्याला स्पर्धेची तारीख बदलता येते, असा कोणीतरी असता तर कदाचित वाचला असता.

तांत्रिक संचालक ही युरोपची नवी टूम आहे, असे म्हणणाऱ्यांनी आपलाच इतिहास पाहावा. मराठवाड्याचे तेव्हाचे पाच जिल्हे ज्या हैदराबाद राज्यात होते, त्याच राज्याच्या राजधानीत सय्यद अब्दुल रहीम नावाचे एक शाळामास्तर १९४० च्या दशकापासून हैदराबाद फुटबॉल संघटनेचे सचिव म्हणून काम करत होते. भारताने १९५१ आणि १९६२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांत सुवर्णपदक मिळवले आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथा क्रमांक पटकावला, तेव्हा प्रशिक्षक तेच होते, एवढे सर्वांना आठवते. त्याआधी आणि त्याच्या जोडीने त्यांनी हैदराबादेत काय केले, हे सहसा सांगितले जात नाही. त्यांनी मुलांसाठी वयोगटांच्या स्पर्धा भरवल्या, फक्त दुबळ्या पायाने खेळायच्या स्पर्धा घेतल्या, चेंडू घेऊन पळण्यास मनाई असलेले सामने खेळवले, म्हणजे पास देण्यावाचून गत्यंतरच राहू नये. यातल्या कोणत्या गोष्टीला गवत लागत होते? त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स चषक जिंकला आणि सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याच्या तुलसीदास बलरामसारखी साध्या घरातली मुले तिथून देशाच्या संघात गेली. पदाचे नाव सचिव असले तरी काम तांत्रिक संचालकाचेच होते: स्पर्धेचा साचाच असा घडवायचा की खेळता खेळता मूल शिकेल.

मराठवाडा १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबादपासून वेगळा होऊन मुंबई राज्यात आला आणि त्याच महिन्यात मेलबर्नचे ऑलिम्पिक सुरू झाले. या योगायोगाला मी अर्थ चिकटवत नाही. पण रहीम यांच्या कथेचा उत्तरार्ध आपल्या वादासाठी अधिक मोलाचा आहे. १९६३ मध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले, आणि त्यानंतर हैदराबादचा फुटबॉल हळूहळू ओसरला. भारताला आशियाई स्पर्धेचे फुटबॉल सुवर्ण पुन्हा मिळालेले नाही. ओहोटीची कारणे अनेक असतील. माझ्या मते त्यांतले एक मोठे कारण हे की ते सगळे ज्ञान एका माणसात होते, पदात नव्हते. कोणत्या मुलाला काय शिकवले, कोणती स्पर्धा का भरवली, कोणता प्रयोग फसला, याची पुढच्याने हाती घ्यावी अशी चालू नोंद आणि ती चालवणारी खुर्ची मागे राहिली नाही. म्हणून ‘आम्हाला एक रहीम मिळू दे’ ही प्रार्थना मला अपुरी वाटते. असा माणूस मिळणे नशिबाचा भाग आहे. तो गेल्यावरही काम चालू राहील असे पद निर्माण करणे मात्र आपल्या हातात आहे.

आता विरोधकांच्या सर्वांत भक्कम मुद्द्याकडे वळतो. मैदाने नाहीत, पाणी नाही, पैसा नाही, हे तिन्ही खरे आहे. ज्या भागातल्या लातूर शहराला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथे हिरवळीवर पाणी मारा असे म्हणणे अनेकांना क्रूर वाटेल, आणि त्यांचे चुकत नाही. मुले दगड-काचांच्या जागेत पडतात, गुडघे फुटतात, पालक पुन्हा पाठवत नाहीत. सुविधांचा अनुशेष मोजणे आणि मागणे हा मराठवाड्याचा न्याय्य हक्क आहे. प्रादेशिक अनुशेष, म्हणजे विकासातली मागे राहिलेली तूट, मोजणाऱ्या १९८४ च्या दांडेकर समितीपासून आपण तो मागत आलो आहोत. तरीही त्या दीर्घ लढ्यातून आपल्याला एक सवय लागली आहे. अनुशेष आपण किलोमीटर, हेक्टर आणि कोटी रुपये यांतच मोजतो. शिकवता येणाऱ्या माणसांचा, नोंदींचा आणि पद्धतीचाही अनुशेष असतो, तो कोणत्याही तक्त्यात येत नाही आणि म्हणून तो भरूनही निघत नाही.

शिवाय कोणते मैदान, हा प्रश्न उरतोच. कृत्रिम हिरवळीच्या पूर्ण आकाराच्या मैदानाला काही कोटी रुपये लागतात, आठ-दहा वर्षांत तिचे पाते झिजते आणि उन्हात ती हवेपेक्षा कितीतरी अधिक तापते. पारा बेचाळीसवर गेलेला असताना तिचा पृष्ठभाग साठ अंशांच्या पुढे जातो. मार्च ते जून दुपारी तीन ते सहा या वेळेत तिथे बारा वर्षांचे मूल उभे कसे राहणार? दिवे लावून रात्री खेळवायचे म्हटले तर शेजारच्या गावातल्या मुलांची शेवटची एसटी निघून गेलेली असते आणि मुली तर येऊच शकत नाहीत. नैसर्गिक मैदानाचेही तसेच आहे. आपली काळी माती पावसात बुटाला किलोभर चिकटते आणि उन्हाळ्यात तिला घोटा अडकेल अशा भेगा पडतात. तिच्यावर चांगला मुरूम दाबून, निचरा काढून, पन्नास मुले छोट्या मैदानांवर रोज खेळतील अशी जागा फार थोड्या खर्चात होते. कुठे मुरूम, कुठे गवत, कुठे हिरवळ आणि कुठे नुसत्या दोन शाळांमधली भिंत पाडून होणारे एकत्र पटांगण, हे ठरवणारा माणूस आधी नेमला तर मैदानाचा पैसा मैदानावर खर्च होईल. तो नसताना काय होते हे मी पाहिले आहे. एका क्रीडा संकुलात धावपट्टीच्या आत इतके अरुंद मैदान आखले होते की कोपऱ्यातून किक मारायला मुलगा धावपट्टीवरच्या खडीत उभा राहत असे.

वेळापत्रक हा विषय कोणाला आकर्षक वाटत नाही, आणि तांत्रिक संचालकाची खरी कसोटी तिथेच आहे. सुब्रतो मुखर्जी चषक या शाळांच्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेच्या पात्रता फेऱ्या आणि शालेय स्पर्धा बहुधा पावसाळ्यात येतात, कारण त्यांच्या मागे राज्य आणि राष्ट्रीय फेऱ्या रांगेत असतात. त्या बाद पद्धतीने खेळल्या जातात. सोळा शाळा आल्या तर पंधरा सामन्यांत स्पर्धा उरकते, अधिकाऱ्याचे काम दोन-तीन दिवसांत संपते, पण आठ शाळांची मुले एकच सामना खेळून घरी जातात. त्याच सोळा शाळांचे चार-चारचे गट केले तर प्रत्येक मुलाला किमान तीन सामने मिळतात. त्यासाठी गटातच चोवीस सामने घ्यावे लागतात आणि एका मोठ्या मैदानावर चार छोटी मैदाने आखून ते तितक्याच दिवसांत होऊ शकतात. हा हिशेब चौथीच्या मुलालाही जमेल. मग तो आजवर झाला का नाही? कारण स्पर्धा वेळेत पूर्ण करणे हे ज्याचे काम आहे, त्याला मुलाने वर्षात किती मिनिटे खेळले हे कोणी विचारत नाही. हा दोष त्या अधिकाऱ्याचा नाही. त्याच्याकडे कितीतरी खेळांच्या स्पर्धा असतात आणि एक-दोन मदतनीस.

आणि मराठवाड्याचे वेळापत्रक मुंबईत बसून करता येत नाही, त्याचे कारण ऊस आहे. फुटबॉलसाठी आपल्या हवामानातले उत्तम महिने दिवाळी ते फेब्रुवारी. नेमके याच महिन्यांत बीड, जालना, परभणी, हिंगोली या भागांतल्या हजारो कुटुंबांच्या घराला कुलूप असते. ज्या गावांत आजी-आजोबांजवळ राहिलेल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह चालते, तिथे पाच महिने मुले एका जागी असतात, संध्याकाळ मोकळी असते आणि मोठे माणूस जवळ असते. फुटबॉलचे रोजचे केंद्र त्या वसतिगृहाच्या अंगणात का नसावे? मूल खेळासाठी मागे थांबले आणि त्यामुळे त्याची शाळा टिकली, असेही घडू शकेल. ही कल्पना पुण्या-मुंबईच्या उत्तम प्रशिक्षकाला सुचणार नाही, आणि त्यात त्याचे काही चुकत नाही; त्याने कोयता पाहिलेला नाही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे आणि तो मी टाळू इच्छित नाही. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०११ मध्ये नेदरलँड्सचे रॉब बान यांना तांत्रिक संचालक केले, पुढे ऑस्ट्रेलियाचे स्कॉट ओडोनेल आले, २०१९ मध्ये रुमानियाचे इसाक डोरू आले. एवढे संचालक होऊनही ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावला सिंगापूरकडून हरून भारत २०२७ च्या आशियाई चषकाच्या पात्रतेतून बाहेर पडला. मग हे पद देशाला उपयोगी पडले नाही, ते हिंगोलीला कसे पडेल? प्रश्न रास्त आहे. पण या प्रयोगाकडे नीट पाहिले तर तो पदाविरुद्धचा पुरावा ठरत नाही. चांगले आराखडे लिहिले गेले. ते राबवायचे होते राज्य संघटनांनी आणि त्यांच्याखालच्या जिल्हा संघटनांनी, आणि तिथे ते वाचणारा, समजावणारा, आपल्या मातीला जुळवून घेणारा तांत्रिक माणूसच नव्हता. जिल्ह्यात कृषी सहायक नसेल तर दिल्लीतल्या कृषी संशोधन परिषदेचे उत्तम वाण बांधावर कसे पोहोचेल? शिवाय बारा वर्षांच्या मुलाला वरिष्ठ संघात यायला आठ-दहा वर्षे लागतात, आणि आपण संचालक बदलतो दोन-चार वर्षांनी. दर पेरणीनंतर शेतमालक बदलला तर पिकाचा दोष बियाण्यावर कसा ढकलता येईल?

बेल्जियमचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे की तो देश आकाराने मराठवाड्याच्या निम्म्याहून लहान आणि लोकसंख्येनेही आपल्यापेक्षा कमी आहे. २०११ च्या जनगणनेत आपली आठ जिल्ह्यांची लोकसंख्या पावणेदोन कोटींच्या पुढे होती. २००० साली घरच्या मैदानावर युरोपीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत बाद झाल्यावर तिथल्या महासंघाचे तांत्रिक संचालक मिशेल साब्लों यांनी नवा मोठा प्रशिक्षक मागितला नाही. त्यांनी मुलांच्या सामन्यांच्या चित्रफिती विद्यापीठातल्या अभ्यासकांकडून तपासून घेतल्या. निष्कर्ष असा निघाला की जिंकण्याच्या धडपडीत लहान मुलांच्या पायाला चेंडू लागतच नाही. उंच-दांडगी दोन मुले खेळतात आणि उरलेली पळतात. मग पाच-पाच आणि आठ-आठ जणांचे सामने आले, सर्वांत लहान वयोगटांतून गुणतक्ते काढून टाकले गेले, क्लबांनी त्याला कडाडून विरोध केला आणि संचालक जागचा हलला नाही. २०१८ च्या विश्वचषकात बेल्जियम तिसरा आला. तिथे पैसा आहे, रस्ते आहेत, क्लबांची शंभर वर्षांची परंपरा आहे, हे मान्य करूनही एक गोष्ट उरते: त्यांनी केलेल्या पहिल्या बदलांना पैसा फारसा लागला नव्हता, लागला होता तो अधिकार.

तिसरा आक्षेप भावनेचा आहे: फुटबॉल आपला खेळ नव्हे, मराठवाडा कबड्डीचा, कुस्तीचा आणि खो-खोचा. धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला, पाटोद्याच्या राहुल आवारे यांनी २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकले, याचा मलाही अभिमान आहे. पण कुस्ती आणि फुटबॉल एकमेकांचे वैरी आहेत, असे कोल्हापुरात कोणी म्हणेल का? तिथे पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही तालमींचीच नावे फुटबॉल संघांची नावे झाली आणि शाहू स्टेडियम भरू लागले. त्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. परंपरा नसेल तर ती पद्धतीने उभी करता येते, हे आपणही एकदा दाखवले आहे. लातूरच्या शिक्षणाची परंपरा पन्नास वर्षांपूर्वी कुठे होती? वारंवार चाचण्या, प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद आणि शिक्षकांचा एकत्र बसणारा गट, यांतून लातूर पॅटर्न उभा राहिला. त्याच पॅटर्नने पुढे मुलांच्या संध्याकाळी शिकवणीत घालवल्या, ही माझी त्याच्याबद्दलची जुनी तक्रार आहे. परंतु पद्धतीची ताकद नाकारता येत नाही.

गुणवत्ता नाही हा युक्तिवाद तर अविनाश साबळे यांच्यानंतर कोणी करूच नये. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा हा धावपटू २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसचे रौप्य आणि हांगझोच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेऊन आला. त्यांना धावपटू म्हणून घडवले ते भारतीय लष्कराने, बारावीनंतर ते भरती झाल्यावर. म्हणजे अठरा वर्षे हा मुलगा आपल्यात होता आणि आपल्या यंत्रणेला तो घडवता आला नाही. धावणाऱ्याला अठराव्या वर्षानंतरही घडवता येते. फुटबॉलमध्ये चेंडूशी पायाची ओळख आठ ते बाराव्या वर्षांत झाली नाही तर पुढे ती पुरेशी होत नाही. तिथे कोणतेही लष्कर उपयोगी पडणार नाही.

आपण प्रसंग साजरे करण्यात कमी पडत नाही. १५ सप्टेंबर २०१७ ला विश्वचषकाच्या निमित्ताने राज्यभर दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावा असा उपक्रम झाला, शाळांना चेंडू मिळाले, आणि त्या दिवशी आमच्या पटांगणातही जो आनंद होता तो मी विसरणार नाही. नंतर बायर्न म्युनिक क्लबशी राज्याने सहकार्याचा करार केला आणि निवडक मुलांना जर्मनी पाहायला मिळाली, हेही चांगलेच. पण २०१७ मध्ये चेंडूला पाय लावलेले दहा वर्षांचे मूल आज वीस वर्षांच्या आसपास आहे. त्या दहा लाखांतली किती मुले दुसऱ्या महिन्यातही खेळत होती, याची नोंद ठेवणे कोणाचे काम होते? चेंडूत सहा महिन्यांनी हवा भरायची सुई शाळेत होती का, एवढे तरी कोणी पाहिले का?

पंचनामा पुरे; काम कसे असावे याचा नमुना मराठवाड्यातच आहे आणि तो शेतीतला आहे. जालन्याजवळच्या कडवंचीने पाणलोटाचे काम माथ्यापासून पायथ्यापर्यंत केले आणि कमी पावसाच्या त्या गावात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. त्यामागे खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राचे तज्ज्ञ होते. त्यांनी आधी शिवार चालून पाहिले, मोजमाप केले, उतारानुसार काय करायचे ते ठरवले, आणि काम संपल्यावरही ते गावात येत राहिले. शेतकरी आणि शास्त्रज्ञांचे महिन्याचे चर्चासत्र हा त्या केंद्राच्या कामाचा कणा आहे. आधी सर्वांत खाली बंधारा बांधायचा आणि मग वरून गाळ आला म्हणून रडायचे, ही चूक कडवंचीने केली नाही. फुटबॉलमध्ये आपण नेमकी तीच करतो. सतरा वर्षांखालचा जिल्हा संघ हा आपला बंधारा, आणि वरच्या आठ-दहा वर्षांच्या मुलांच्या माथ्यावर एकही चर खोदलेला नाही.

त्यामुळे संचालकाचे सर्वांत मोठे काम शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाजवळ बसण्याचे आहे. हा शिक्षक खो-खो घेतो, कवायत घेतो, निवडणुकीचे काम करतो, आणि अनेक शाळांत तो निवृत्त झाला की ती जागा रिकामीच राहते. त्याला महासंघाच्या प्रशिक्षकांसाठीच्या डी परवान्याचा अभ्यासक्रम मराठीत, सुट्टीच्या काळात आणि घरापासून बसच्या एका प्रवासात मिळाला पाहिजे. परवान्यानंतर दर महिन्याला तालुक्याचे शिक्षक एकत्र आले पाहिजेत, एकाने सराव घ्यावा आणि बाकीच्यांनी पाहावा. मराठवाड्यात ७६ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्यात दोन शिक्षक, त्यांतली एक शक्यतो स्त्री, इतके जरी पाच वर्षांत तयार झाले तरी मी ते कोणत्याही चषकापेक्षा मोठे यश मानीन. स्त्री-प्रशिक्षक हा शोभेचा आग्रह नाही. मुलगी बाराव्या-तेराव्या वर्षी खेळ सोडते, ती बहुधा कपडे बदलायला आडोसा नसतो आणि घरी सोडायला विश्वासाचे कोणी नसते म्हणून. शिक्षिका असेल तर आई परवानगी देते, हे मी कितीदा पाहिले आहे.

नोंदीबद्दल एक बारकावा सांगितलाच पाहिजे. आपल्या खेड्यांत शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख असलेली मुले वर्गागणिक सापडतात. प्रवेशाच्या सोयीसाठी गुरुजींनी ती लिहिलेली असते. वय एका वर्षाने इकडे-तिकडे झाले तर बारा वर्षांखालच्या स्पर्धेत दांडगा मुलगा चमकतो, निवडला जातो आणि सोळाव्या वर्षी बाकीचे त्याच्या उंचीला पोहोचले की मागे पडतो. किरकोळ अंगाचा, डोक्याने खेळणारा मुलगा मात्र तोवर घरी बसलेला असतो. याला लबाडी म्हणून केवळ शिक्षा करत राहण्यात अर्थ नाही. वर्षातून दोनदा उंची, वजन, खेळलेली मिनिटे, कोणता पाय, कोणती जागा, आणि घर हंगामात कुठे असते, एवढ्याच रकान्यांची वही आठ वर्षे चालली तर निवड करणाऱ्याच्या डोळ्यांना दिसत नाही ते तिच्यात दिसेल.

संघटनांना भीती वाटेल की संचालक आला की निवडीचा अधिकार जाईल. म्हणूनच निवड त्याच्याकडे नको असे मी म्हणतो, आणि म्हणूनच त्याची नेमणूक किमान आठ वर्षांची असावी, मधे फक्त कामाचा आढावा व्हावा. वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनने, म्हणजे महाराष्ट्राच्या राज्य फुटबॉल संघटनेने, तांत्रिक मान्यता द्यावी आणि आठही जिल्ह्यांनी नियोजन समितीच्या निधीतून खर्चाचा वाटा उचलावा; आठ वाटे झाले की एका जिल्ह्याच्या नेत्याला तो आपला माणूस म्हणता येणार नाही. माणूस परदेशी की देशी हा प्रश्न मला गौण वाटतो. जपानने १९६० मध्ये जर्मनीच्या डेटमार क्रामर यांना बोलावले, त्यांनी स्वतः चेंडू मारून मूलभूत किक शिकवली आणि जाताना देशभराची साखळी स्पर्धा व प्रशिक्षकांचे शिक्षण यांचा आग्रह धरला. १९६५ मध्ये ती साखळी सुरू झाली, १९६८ मध्ये जपानला ऑलिम्पिकचे कांस्यपदक मिळाले. आपल्याकडे येणाऱ्याला मराठी आली पाहिजे, दखनी उर्दू समजली पाहिजे, आणि एसटीने फिरायची तयारी पाहिजे.

त्याचे कार्यालय संभाजीनगरला नको, परभणीला असावे. किनवट-माहूरच्या पाड्यांवरच्या मुलाला संभाजीनगर गाठायचे तर रेल्वेत कितीतरी तास काढावे लागतात. परभणी मधोमध आहे, तिथे तीन बाजूंनी रेल्वे येते आणि कृषी विद्यापीठाच्या रूपाने मोकळी जमीनही आहे. पहिल्या वर्षी त्याने एकही स्पर्धा भरवू नये. ७६ तालुके फिरावेत, पटांगणे पावलांनी मोजावीत, आणि माझ्यासारख्या ज्या लोकांच्या ट्रंकेत जुन्या वह्या पडून आहेत त्या गोळा कराव्यात. माझ्याकडे सतरा आहेत. त्यांत साडेचारशेच्या आसपास नावे आहेत, प्रत्येकापुढे कोणता पाय ते लिहिले आहे, आणि त्या डावखुऱ्या मुलाचे पान अकराव्या वहीत आहे. जन्मतारखा पुन्हा तपासाव्या लागतील.